टॉर्क पान्याला ओव्याचं पाणी

"मान धर, मान," आबा म्हणाले, म्हणून मी पान्याची मान धरली आणि तो त्यांच्या घोंगड्यातून अलगद ओढून काढला, दाजी, आणि तो कोमट होता. बाहेर जीप हॉर्न देत होती. पवनचक्कीवर चढणारी पोरं कमरेला पट्टे आवळून पत्र्याच्या दाराशी उभी होती, त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. मी पाना खांद्यावर टाकला (उंचीला माझ्या कमरेएवढा आहे, वजनाला महिन्याच्या कोकराएवढा, हे दुसरं माप आबांचं) आणि निघालो, तर आबांनी मागून सदरा धरला. "असा लोंबता नेऊ नगंस. पोटाशी धर." मग मी तो पोटाशी धरून बाहेर आणला. पोरं हसली नाहीत. आधी हसायची. आता त्यांनाही त्यात काही विशेष वाटत नाही, आणि मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

पत्र असं सुरू करत नाहीत हे मला माहीत आहे. आधी नमस्कार, मग तब्येत, मग हकीकत. पण सकाळपासून तेवढंच डोळ्यांपुढं आहे, हात आपोआप तिथूनच लिहायला लागला. तर नमस्कार इथं घ्या. तुम्हाला वाकून, तुमच्या मातोश्री रुद्रम्माआईंना त्याहून जास्त वाकून (त्यांनी मागवलेलं गुडघ्याचं तेल मिळालं होतं, ते अजून का पोचलं नाही याचं कारण पुढं येईल), आणि अक्काला नुसता, कारण मी वाकलो की ती रागावते. तुमची कंबर कशी आहे? अक्का सांगत होती की ट्रकचा नट सुटत नव्हता म्हणून तुम्ही पान्याला पाइप लावलात, पाइपवर उभे राहिलात आणि वरून उडी मारलीत. नट सुटला का, ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टर काय म्हणाले तेवढं सांगितलं. दाजी, तुमचं वय आता पाइप धरून उभं राहण्याचं आहे. उडी दुसऱ्या कुणाला मारू द्या.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुमचा फोन दुकानात फळीवर मोठ्या आवाजात ठेवलेला असतो, आणि ज्यांच्या चाकात हवा भरली जात असते ते ड्रायव्हर माझ्या प्रत्येक वाक्यावर आपलं मत देतात. मागच्या वेळी मी आबांच्या झोपेविषयी सांगत होतो, तर कुणीतरी हैदराबादकडचा माणूस मधेच म्हणाला की त्यांना संध्याकाळी भात देऊ नका. (दिला नाही. फरक पडला नाही.) आज जे लिहायचं आहे त्यावर मला कुणाही ड्रायव्हरचं मत नको आहे. म्हणून पत्र.

तुम्ही इथं टेकडीवर एकदाच आलात. माझं स्टोअर पाहिलंत, म्हणजे तो मालगाडीचा असतो तसा पत्र्याचा मोठा डबा, त्यातल्या फळ्या, फळ्यांवरचे टॉर्क पाने. एक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "नटाला इचारून आवळायचं व्हय रं?" पोरांना ते इतकं आवडलं की अजून म्हणतात. तर दाजी, व्हय. पवनचक्की लांबून कितीही मोठी दिसली तरी ती उभी असते बोल्टांवर. बोल्ट कमी आवळला तर हलत हलत सुटतो. जास्त आवळला तर ताणतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून पान्याच्या मुठीवर आकडा लावायचा आणि ओढायचं. जोर त्या आकड्याला पोचला की पाना टक करतो आणि हातात जरासा ढिला पडतो. टक झालं की थांबायचं. सगळी विद्या एवढीच आहे. ज्याला थांबता येत नाही त्याला वर चढवत नाहीत. (तुम्हाला चढवणार नाहीत.)

उन्हाळ्यात हे सोपं असतं. थंडीत मात्र पाना माणसासारखा वागतो. त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते आणि तिच्याभोवती ग्रीस. आमच्या इथं डिसेंबरात पहाटेला पत्र्याला हात लावला तर हात चिकटेल असं वाटतं. त्या गारठ्यात ग्रीस थिजतं आणि पहिले काही टक खोटे येतात. म्हणून पोरं वर जाण्याआधी मी प्रत्येक पाना बाकाला बसवलेल्या शिकंज्यात धरून हलक्या आकड्यावर थोडा वेळ ओढतो, टक टक करून घेतो, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं आणि तो खरं बोलायला लागतो. संध्याकाळी परत आला की पुसायचा, मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायची (वरच्या आकड्यावर ठेवून दिला तर स्प्रिंग रात्रभर आवळलेली राहते आणि दमते) आणि डब्यात ठेवायचा. गार पाना एकदम उबेला आणायचा नाही, घाम फुटून आतून गंजतो. आगीजवळ न्यायचा नाही. तेल पाजायचं नाही. साहेबांनी हे सगळं छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. तिथं काय काय पाजायचं नाही याची यादी तेलापाशी संपते. त्यापुढं कुणी काही पाजेल असं साहेबांना वाटलं नसणार. मलाही वाटलं नव्हतं.

आबा इथं कसे आले ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. आई गेल्यावर ते सास्तूरकडच्या घरी मेंढरांबरोबर एकटेच राहिले. घरी म्हणजे अंगणात. भूकंपानंतर मिळालेल्या त्या घरात ते एक रात्रही झोपले नाहीत. स्लॅबखाली माणूस झोपतो कसा, असं विचारायचे. मग एक दिवस ते दुसऱ्याचीच मेंढरं हाकत घरी आले. ती आपली नाहीत हे त्यांना पटेना. खरा मालक आला, खुणा दाखवल्या, तेव्हा त्यालाच म्हणाले, "मग माझी तुझ्याकडं कशी आली नाहीत?" अंधारात नुसत्या खोकल्यावरून मेंढी ओळखणारा माणूस, दाजी. कळप विकला त्या दिवशी तुम्ही होतात. गाडीत मेंढरं चढवताना तेच मदत करत होते, वाहनवाल्याला सांगत होते, दाटी करू नका, कुणाची का असेनात, जीव हाय. त्यानंतर मी त्यांना इकडं आणलं. स्टोअरला लागून माझी खोली आहे. तिलाही पत्राच आहे, स्लॅब नाही, म्हणून ते आत आले.

आल्यापासून रोज विचारायचे, तू इथं काय करतोस. मी रोज सांगायचो. एकदा कंटाळून म्हणालो, आबा, यांना थंडी लागते, यांना जपतो. त्यांनी फळीकडं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कवा व्याल्या?" मी हसलो आणि म्हणालो, परवाच. आता तुम्ही म्हणाल, तूच सांगितलंस. खरं आहे. पण त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला नाही. आई गेल्यापासून तो माणूस कुठल्याही कामाला उठून उभा राहिला नव्हता. तो उठला, आत गेला आणि घोंगडं घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून पाने सांभाळायला आम्ही दोघं. ते मला कामाला लावतात आणि मी त्यांना. शिकंज्यात पाना टक करतो तेव्हा ते मान हलवतात, म्हणतात, दूध पितंय. पुसलेला पाना पुन्हा पुसतात. रुद्रम्माआईंचं तेल त्यातच गेलं. पाने पुसून पुसून बाटली रिकामी केली आणि मला म्हणाले, अंग लई खरबरीत होतं. (वास चांगला होता. पोरं म्हणाली, वर गेल्यावर गुडघे दुखायचे थांबले.) एकदा मी नळावर गेलो तेवढ्यात त्यांनी दारासमोर शेकोटी पेटवली आणि सगळे पाने भोवती गोल मांडून ठेवले, डोकी आत, शेपट्या बाहेर. मी धावत येऊन उचलले. भाजले नव्हते, पण त्यांना घाम फुटला होता, आणि मी दिवसभर ते पुसत बसलो. आबा बाजूला बसून मला म्हणत होते, "भ्यालाय रं त्यो. हळू पूस."

मी हे असं लिहितो आहे की वाचताना तुम्हाला हसू येईल. मलाही येतं. पण सगळं असं नाही. कधी कधी ते उठून चालायला लागतात. एकदा पोरं वर होती, मी खाली दोर धरून होतो, आणि खोली रिकामी. शोधत शोधत उतारापलीकडं गेलो तर ते एका मेंढपाळाच्या शेजारी बसलेले. वीरभद्र नाव त्याचं, पलीकडच्या गावचा. आबा त्याच्या मेंढरांत आपली मेंढरं ओळखत होते, ही तांबडी आपली, ती कानतुटकी आपली. मी त्याची माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, "असू द्या. सांजंपर्यंत त्यांचीच हायती." तो माणूस मला ओळखत नव्हता, आबांना ओळखत नव्हता, आणि त्यानं सगळा कळप देऊन टाकला.

त्यानंतर मी एक दिवस खोलीला बाहेरून कडी लावून कामाला गेलो. परत आलो, कडी काढली, तर आबा दाराशीच बसलेले. मला पाहून हळू आवाजात म्हणाले, "कुमार, कुणीतरी आतल्या माणसाला कोंडून गेलंय बघ. काढ त्याला." मी म्हणालो, काढला. तेव्हापासून कडी लावली नाही. कडी लावली नाही म्हणून ते आणि पाने दिवसभर एकत्र असतात. आणि त्यातून आजचं झालं.

आज उत्कर्ष साहेब तपासणीला आले. तरुण आहेत, लातूरचे, बोलायला चांगले, आबांना नमस्कार करणारे. जीप हॉर्न देत होती ती त्यांनाच घेऊन आली होती. मी कोमट पाना पोटाशी धरून बाहेर आणला, त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पाना हातात घेतला. पान्याच्या डोक्यातली दातेरी चकरी फिरवून पाहिली. फिरेना. जोर लावला. कर्र झालं आणि थांबली. मग ते आपल्या बाहीकडं बघायला लागले.

"कुमारभाऊ, याच्यात मुंग्या आहेत."

"थंडीच्या असतील, साहेब," मी म्हणालो. (का म्हणालो माहीत नाही. थंडीच्या मुंग्या नसतात.)

मुंग्या चकरीच्या भोकातून एकामागून एक बाहेर येत होत्या, आपल्या घरात कुणीतरी हात घातल्यासारख्या. साहेबांनी तिथं बोट लावलं, बोटाचा वास घेतला, आणि मग, मी पाहत असताना, जिभेला लावलं. "गूळ," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि आणखी काहीतरी."

"ववा," आबा दारातून म्हणाले. "पोट फुगलं हुतं त्याचं. गुळाच्या पाण्यात ववा उकळून पाजला. काल सांजंला दिला, आता जरा उतारा हाय."

पोरं फुटली. साहेबही फुटले, इतके की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. आबाही हसले, सगळे हसतात म्हणून. मी हसलो नाही, कारण मी फळीवरचे बाकीचे पाने बघत होतो. प्रत्येकाच्या डोक्यापाशी एक बारीक तांबडी रांग होती. आबांनी कुणाला वगळलं नव्हतं. एकाला पाजायचं आणि दुसऱ्याला नाही, असं त्यांनी जन्मात केलं नाही.

मग साहेबांनी डोळे पुसले आणि मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, हसलो त्याबद्दल माफ करा. म्हणाले, चकरी इथं अडकली म्हणून बरं, वर अडकली असती, किंवा त्याहून वाईट, अडकली नसती आणि खोटा टक दिला असता तर तुम्ही मला काय सांगितलं असतं आणि मी त्या पोरांच्या घरी काय सांगितलं असतं. ते म्हणाले, पाने मी तपासायला पाठवतो, तुमच्यावर येऊ देत नाही, पण बाबांना इथं ठेवता येणार नाही. सोमवारी वरिष्ठ येणार आहेत. त्यांच्या आधी बाबा दुसरीकडं असले तर हे स्टोअर तुमचं. नसले तर मला काही करता येणार नाही. चांगल्या माणसानं सांगितलं की जास्त लागतं. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

आता तुम्हाला वाटेल की मी पुढं विचारणार, आबांना तुमच्याकडं पाठवू का. नाही विचारणार. अक्का प्रत्येक सणाला हेच म्हणते, आणि तुम्हीही दोनदा म्हणालात, एकदा कंबर दुखत नसताना. मला माहीत आहे तुम्ही मनापासून म्हणता. पण आबा लेकीच्या घरी राहणार नाहीत. राहणं सोडा, तिच्या लग्नापासून त्यांनी तिच्या घरचं पाणी घेतलेलं नाही. इतर लोक नातू झाला की घेतात. यांनी नातू झाल्यावर त्याच्यासाठी टोपडं आणलं, ते दाराबाहेरूनच दिलं, आणि उमरग्याच्या स्टँडवर जाऊन आपली भाकरी सोडली. तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. ते सोलापूरकडून चालत आले होते, ओठ फुटलेले, आणि अक्का रडायला लागली. तुम्ही तांब्या भरून घेतलात आणि त्यांच्या मागं हायवेवर पळत सुटलात. ते पुढं, तुम्ही मागं, ट्रकवाले ब्रेक मारतायत, तुमच्या दुकानातली सगळी माणसं टायर सोडून बघतायत. "मामा, घोटभर! कुणी बघत न्हाय!" असं तुम्ही ओरडत होतात, आणि सगळा उमरगा बघत होता. त्यांनी नाही घेतलं. संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, जावई चांगला आहे, पाणी सांडू न देता पळतो. आईनं विचारलं, मग प्यायचं होतं की. तर म्हणाले, "तिच्या घरचं मी खाल्लं तर ती माझ्याकडं मागायला कुठल्या तोंडानं येईल?" त्यांचं असं होतं. अक्का कधी काही मागायला आलीच नाही. पण तिला कधीही येता यावं म्हणून तो माणूस तहानलेला राहिला.

म्हणून ते विचारत नाही. पत्राचं कारण वेगळं आहे. तुमच्या ओळखीचा सोलापूरचा एक कारागीर अशा चकऱ्या उघडून साफ करून देतो, असं तुम्ही मागं म्हणाला होतात. त्याचा पत्ता पाठवा. गूळ वाळला की दगड होतो, आणि साहेबांच्या पाठवण्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही. तेवढं काम करा. अक्काला यातलं मुंग्यांचं सांगा, कडीचं सांगू नका. रुद्रम्माआईंच्या तेलाची दुसरी बाटली घेईन.

तुमचा मेव्हणा,
कुमार

ता. क. — कारागिराचा पत्ता नसला तरी चालेल. खरं सांगायचं तर त्याची गरज नाही. साहेब पाने कारखान्यात पाठवणार आहेत, तिथंच उघडून साफ होतील. तुम्हाला काहीतरी मागायचं होतं आणि जे मागायचं आहे तिथं हात जाईना, म्हणून पत्ता मागितला.

ता. क. दुसरा — आता मागतो. दाजी, तुम्ही दोन मेंढ्या घ्या. दुकानामागं तुमची जी पट्टी पडून आहे तिच्यात बांधा. आणि रविवारी इथं या.

सांगतो का ते. आबांनी कुणाचं फुकट खाल्लं नाही, पण शेतात मेंढरं बसवली की शेताला खत होतं आणि शेतकरी दाणे देतो, ते दाणे ते आयुष्यभर खात आले. कुणाची जनावरं राखोळीनं, म्हणजे मोबदल्यावर, सांभाळली तर त्या घरची भाकरीही खाल्ली. ती त्यांच्या हिशेबानं आपली भाकरी, कुणाच्या घरची नाही. तेव्हा ते लेकीकडं येणार नाहीत, पण राखोळीला येतील. फक्त ते मी सांगून चालणार नाही. मालकानं येऊन विचारावं लागतं. आणि कसं विचारायचं तेही ठरलेलं आहे. आत यायचं नाही, बाहेरच बसायचं. आधी चाऱ्याचं विचारायचं, कुठं आहे, कसा आहे. मग पाण्याचं. मग तंबाखू मळायची आणि अर्धी त्यांना द्यायची. मग गप्प बसायचं, ते खोकेपर्यंत. ते खोकले की म्हणायचं, माझी दोन जनावरं आहेत, सांभाळायला माणूस नाही. ते लगेच नाही म्हणतील. ते म्हणावंच लागतं. पुन्हा विचारायचं. हसू नका, दाजी. मामा म्हणू नका, जावयाचा आवाज काढू नका. टायरचा वास येत असतो तुमच्या अंगाला, त्या दिवशी आंघोळ करून या. तुम्ही सोमेश आहात, आमच्या अक्काचे, दैवशालेचे मालक आहात, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही तर बरं; आणि आठवलं तरी जनावरं खरी असली म्हणजे झालं. म्हणून खरी घ्या. खोटं त्यांना कळतं. पान्यांच्या बाबतीत नाही कळलं, पण पान्यांना बोलता येत नाही, मेंढीला येतं.

तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. अक्काला विचारा. ती वेडेपणा म्हणणार नाही. माझ्याजवळ त्यांना तुमच्या दारात त्यांच्या पायांनी आणायची दुसरी वाट नाही, आणि उचलून आणायचे मला नाहीत.

गोरोबा ड्रायव्हर उद्या सामान घेऊन हैदराबादला जाणार आहे, उमरग्यावरूनच. त्याच्या हाती पत्र देतो. त्याला चहा पाजा. टायर बघा म्हणाला तर बघा, पण उडी मारू नका.

ता. क. तिसरा, सकाळी — गोरोबाची गाडी गरम व्हायला वेळ आहे म्हणून हे लिहितो. आबांना चहा दिला. राखोळीची गोष्ट काढण्याआधी त्यांचं मन बघावं म्हणून सहज विचारलं, आबा, अक्काकडं राहायला जायचं का. बशीतनं तोंड वर न काढता ते म्हणाले, "चल की." मला वाटलं, नीट ऐकलं नसेल. म्हणालो, लेकीचं घर आहे, आबा. म्हणाले, "मग? लेकीचंच हाय की." मी म्हणालो, तिथंच जेवावं लागेल, तिथलंच पाणी प्यावं लागेल. ते माझ्याकडं बघत राहिले, जसं मीच काहीतरी विसरलो आहे. "पाणी तर माणसाला लागतंच," म्हणाले.

मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणाले.

रविवारी आम्ही येतो. मेंढ्या घेऊ नका.